दोन वेढ्यांची गाठ

शेडमध्ये एक स्टूल होतं, एक जाळं, दोन लाकडी सुया आणि जाळ्यात एक भोक. भोक सात घरं रुंद, सहा घरं उंच. पाहुण्यांसमोर सावकाश विणत ते भरायला आईला सकाळी अडीच तास लागायचे आणि संध्याकाळी पुन्हा उसवायला वीस मिनिटं.

"अडतीस," मी मोजत होते. "एकोणचाळीस."

"मोजत काय बसलीस? त्या बाजूने सोडव की," आई म्हणाली. "शेवटच्या बोटीने पाहुणे गेले की शेडला कुलूप लागतं."

जाळं हॉटेलचं होतं. सहा वर्षांत एकदाही पाण्यात गेलं नव्हतं. पाहुणे बेटावर उतरले की धक्क्यावर समोरच जाळं विणणारी बाई दिसायला हवी, एवढंच त्याचं काम. भोक रोज त्याच जागी हवं, हे मॅनेजरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ऊन तिथे पडतं, फोटो चांगले येतात. शिवाय कात्री लावायची नाही, दोरा आखूड होतो. गाठी हाताने सोडवायच्या.

म्हणून आई एका वेढ्याची गाठ मारायची. नायलॉनच्या दोऱ्याला खरं तर दोन वेढे लागतात, नाहीतर भार आला की गाठ घसरते. पण दोन वेढ्यांची गाठ एकदा आवळली की नखाने सुटत नाही. पहिल्या महिन्यात आईची नखं रक्ताळली. मग दुसरा वेढा गेला.

"सकाळी विणायचं, संध्याकाळी उसवायचं," ती हसायची. "काम संपत नाही आणि साहेबही खूश. अशी नोकरी शोधून मिळायची नाही."

माझ्या लहानपणी बेटावर मासेमारीच्या छत्तीस बोटी होत्या. धक्क्याच्या पायऱ्यांवर सात बायका जाळी दुरुस्त करत बसायच्या. आपली गाठ आपण तपासायची नाही, असा त्यांच्यात नियम होता. शेजारणीने जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून एकेक गाठ ओढायची आणि सुटली तर सगळ्यांसमोर मोठ्याने नाव घ्यायचं. आईचं नाव कधी घेतलं गेलं नाही. ती न बघता गाठ मारायची. मान वळवून, गप्पा मारत. मला ताप होता तेव्हा तर मांडीवर मला झोपवून. त्या सातजणींपैकी दोघी गेल्या. चौघी हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालतात.

बोट आता एकच उरली होती, माझ्या मामाची. आपलं जाळं तो स्वतः दुरुस्त करायचा. यंदा त्याला मोतीबिंदू झाला, तेव्हा जाळं खांद्यावर टाकून तो आमच्या अंगणात आला.

"ताई, एवढं करून दे."

"आली का आठवण? सहा वर्षं कुठे होतास?"

"तू मोठी कलाकार. रोज फोटो निघतात तुझे. म्हटलं, आपल्याला तारीख मिळते की नाही."

"डोळे गेले मेल्याचे, जीभ मात्र शाबूत आहे."

मामा हसला. मग जाळ्याची कड चाचपत म्हणाला, "हॉटेलवाल्याला बोट हवीय. वाळूवर ठेवणार म्हणतो, आत गाद्या घालून. मी म्हटलं, हा मोसम बघू दे. एकदा जाळं भरून आलं ना, तर बोट पाण्यातच राहील."

"येईल भरून," आई म्हणाली.

दोन दिवस ती अंगणात बसली. शेडमध्ये बरं नाही म्हणून निरोप पाठवला. इतकी खुशीत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून सांगत होती, खरं जाळं आहे, खरं, ये बघायला. बोलता बोलता हात चालत होते. मी शेजारीच होते. अठ्ठावन्न गाठी झाल्या. शेजारणीने त्या ओढायच्या असतात हे मला माहीत होतं. पण शेजारी मीच होते, आणि आईची गाठ ओढून बघावी असं माझ्या मनातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा आला. जाळं ओलं होतं, रिकामं होतं.

"भरलं होतं का रे?" आईने विचारलं.

"भरलं होतं, ताई. चांगलं जड लागलं हाताला. वर घेताना खडकात अडकलं." तो पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला. "माझीच चूक. दिसतंय कुठे मला."

चार दिवसांनी बोट वाळूवर ओढली. इंजिन काढलं, गाद्या घातल्या. पाहुण्यांना आत चढायला मामा हात देतो.

जाळं आमच्याकडेच राहिलं. आईने ते गोड्या पाण्याने धुतलं आणि अंगणात पसरलं. खडकात अडकलेला दोरा तुटतो आणि तुटल्या जागी त्याचा झुपका होतो. इथे एकही दोरा तुटलेला नव्हता. सव्वीस गाठींच्या जागी दोरे अखंड होते, आणि प्रत्येकावर एका वेढ्याचा बाक तसाच होता. मी पाहिलं. आईनेही पाहिलं.

बराच वेळ ती त्या बाकांवरून बोट फिरवत राहिली.

"तुझ्या मामाला कळलं असेल का गं?"

"त्याला दिसत नाही ना, आई."

"बोटांना कळतं," ती म्हणाली.

मग उठून आत गेली आणि दोऱ्याचं रीळ घेऊन आली.

"कॉलेजात वजनं टांगून काय काय मोजायचीस ना? आता माझं मोज."

मी बादलीत पाच लिटर पाणी मोजून घेतलं. पडवीच्या आढ्याला हूक होता. दोऱ्याचे दोन तुकडे गाठीने जोडायचे, एक टोक हुकाला, दुसऱ्याला बादली, आणि दहापर्यंत मोजायचं.

"आधी बघून मारते," आई म्हणाली. चष्मा लावून, ओठ घट्ट मिटून तिने वीस गाठी मारल्या. अर्धा तास लागला. वीसच्या वीस टिकल्या.

"आता नेहमीसारख्या."

तिने चष्मा काढला आणि मान रस्त्याकडे वळवली. पायऱ्यांवरच्या बायकांचं सांगू लागली. कोण बसल्या बसल्या घोरायची, कोण दुसरीची सुई लपवायची. वीस गाठी सात मिनिटांत झाल्या.

मी एकेक हुकाला लावली. पडवीत पाणी झालं. आई रस्त्याकडेच बघत होती.

"किती?"

मी वहीत पाहिलं. वीसपैकी सतरा सुटल्या होत्या.