मीटरच्या पुढचा खांब

वारा सुटला की सरलाबाईचं कामात चित्त राहत नसे. खानदेशातून सुरतेला आलेली ती आणि तिचा नवरा दगा कामरेजजवळ भरतभाईंच्या उसात राखणीला होते. मीटरपासून विहिरीच्या मोटरीपर्यंत उसातून तीन लाकडी खांब गेलेले. मधला बुडाशी कुजून कललेला. तारा इतक्या सैल, की वाऱ्यात एकमेकींना भिडत आणि ठिणग्या खालच्या वाळक्या पाचटावर पडत. बांधापलीकडे ऊसतोडीवाल्यांची बारा खोपटी होती, तीही पाचटाचीच.

वायरमनला तिनं रस्त्यात गाठलं. तो म्हणाला, "मीटरच्या पुढचा खांब मालकाचा, मावशी. त्यांनीच बदलायचा."

भरतभाई फोनवर म्हणाले, "कापणी पछी जोईशुं, बेन."

कापणीनंतर बघू म्हणे; कापणीला अजून वीस दिवस होते.

त्या दुपारी जेवताना वावटळ उठली. उसात चर्र आवाज झाला. सरलाबाई घास टाकून उठली. मीटरजवळचा मेन स्विच तिनं खाली ओढला, कोयता घेतला आणि तारेखालचा उभा ऊस तोडू लागली.

"काय करी ऱ्हायनी तू? शेठ हाकली दी आपले!" दगा ओरडला.

"हाकलू दे. त्या खोपटास्मा पोरे झोपेल शेतस."

पोरं झोपली होती त्या खोपट्यांकडे दगानं वळून पाहिलं. मग त्यानंही कोयता उचलला. उन्हं कलेपर्यंत दोघांनी तारेखाली दोन्ही बाजूंना चार-चार पावलं जमीन उघडी केली, पाचट दूर ओढलं.

तेवढ्यात भरतभाई मोटरसायकलवर आले. "आ शुं कर्युं? उभा ऊस कापला? अन् मोटर का बंद?" सरलाबाई "थांबा!" म्हणेपर्यंत त्यांनी स्विच वर केला.

वाऱ्याचा झोत आला. तारा भिडल्या, एक तुटली आणि फुत्कारत उघड्या मातीवर पडली.

"बंद करा, शेठ!"

भरतभाईंचा हात स्विचवरच गोठला होता. दगानं धावत जाऊन त्यांना बाजूला सारलं आणि स्विच पाडला. दोन-चार पानं धुमसत होती. थोडा वेळ थांबून सरलाबाईनं लांबूनच त्यांवर माती फेकली.

भरतभाईंनी तुटलेल्या तारेवरून नजर खोपट्यांकडे नेली. चौथ्या दिवशी सिमेंटचे खांब आले, तारा ताणून बसल्या. "हवे नीचे कशुं वाववुं नहीं," तारांखाली आता काहीच पेरायचं नाही, असं त्यांनी मजुरांना बजावलं.

दगाला वाटलं, आता तरी ही नीट जेवेल. पण सरलाबाई बांधावर उभी राहून पलीकडच्या शेतातले वाकडे खांब न्याहाळत होती.

"आवो," ती दगाला म्हणाली, "शेजारना शेठना नंबर शे का तुमनाजोडे?"