धूळ नाही ते, रंग आहे

दादाचा श्वास ऐकायचा असेल तर त्याच्या हातात कुंचला नसताना ऐकावा. कुंचला हातात आला की तो श्वास घेतच नाही. शरदातलं तिरपं ऊन मलकापूरच्या त्या मागच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं, टेबलावरच्या वीतभर ट्रकच्या टपावर येऊन थबकतं, आणि उजेडाच्या त्या पट्ट्यात डाव्या हातात ट्रक, उजवा हात अधांतरी, असा दादा इतका निश्चल बसलेला असतो की बाहेर हायवेवर खऱ्या ट्रकांचे हॉर्न वाजत नसते, तर काळही त्याच्याशेजारी स्टूल ओढून बसला आहे असं वाटलं असतं. मग केसाएवढं टोक दाराच्या कडेला लागतं, उचललं जातं, आणि कोंडलेला सगळा श्वास फुस्सकन बाहेर येतो. आई तव्यावर भाकर टाकताना असाच श्वास धरायची.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. मी खामगावला असते, जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आहे आणि बोलण्यात कुणाला हार जात नाही. दादा मात्र आधीपासूनच मोजका. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग येतात, ते जोडून खऱ्या गाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची आणि ती रंगवायची, हा त्याचा छंद. इथवर कुणालाही कौतुक वाटेल. पण दादाचं खरं काम पुढेच सुरू होतं. त्या लखलखीत, कोऱ्या गाडीला तो म्हातारी करतो. स्पंजचा तुकडा तपकिरी रंगात बुडवून, कागदावर टिपून, उरलेल्या ठिपक्यांनी दारावर गंज उमटवतो. पाण्यासारखा पातळ केलेला काळा रंग फटींत सोडून वर्षानुवर्षांचं ऑइल ओघळवतो. आणि सरतेशेवटी धूळ चढवतो. ही धूळ तो स्वतः जमवतो. नांदुऱ्याकडची काळी माती, बुलढाण्याच्या घाटातला तांबूस मुरूम, चुलीतली राख, सगळं वस्त्रगाळ करून औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरलेलं. मऊ कुंचल्यानं ती भुकटी चाकांवर, मडगार्डावर, काचेवर बसते. काचेवर वायपर फिरतो तेवढी कमान तो स्वच्छ सोडतो.

"नव्याकोऱ्या गाडीले गंज काऊन लावतं रे दादा?" मी एकदा विचारलं होतं.

"नवी गाडी कोणाचीच नसते, शकू," तो म्हणाला होता. "वापरली का मंग ते कोणाची तरी होते."

एवढं लांब वाक्य दादा वर्षातून एखादं बोलायचा. बाकीचं सगळं बोलणं वहिनीचं असे. वहिनी म्हणजे बांगड्यांचा आवाज. ती दिसायच्या आधी ऐकू यायची, आणि दिवाळीच्या तोंडावर तर साऱ्या गल्लीला ऐकू यायची, कारण तेव्हा जुन्या लुगड्याचा ओला फडका घेऊन ती घरातल्या कोपऱ्या-कोपऱ्याशी युद्ध पुकारायची. त्या युद्धात दादाच्या गाड्या हमखास कामी यायच्या. वर्षभर श्वास कोंडून चढवलेली धूळ ती एका फटक्यात पुसून टाकायची, आणि मागच्या खोलीतून दादाची आरोळी उठायची, "अवं, काय केलं हे! धूळ नाही ते, रंग आहे!"

"कशाचा रंग! फडका पाहा कसा काळा झाला ते!"

"मी लावली होती ते धूळ!"

"आता गं बाई! घरात कमी आहे काय, म्हणून बाटल्याइतून काढून लावता? पोराले खेळणे नाही आणले कधी, सोताले आणते हा माणूस, अन् वरून त्याले मळवून ठेवते!"

शेजारणी ओट्यावर येऊन हे ऐकायच्या. मी दिवाळीला माहेरी असले की हसून हसून माझ्या हातातली करंजी फुटायची. मग दादा तणतणत पुन्हा टेबलाशी बसायचा, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्या गाड्या पुन्हा हळूहळू मळत जायच्या. त्या घराचं वर्ष असंच फिरायचं.

वहिनी गेली ती चैत्रात. नंतरची पहिली दिवाळी अर्थातच झाली नाही. ना फराळ, ना आकाशकंदील, ना फडका. भाऊबीजेला ओवाळणं नसलं तरी मी भेटायला म्हणून गेले. घरात शिरले तर वार्निशचा उग्र वास. दादा एकेक गाडी कपाटातून काढून तिच्यावर वार्निशचा हात फिरवत होता.

"हे काय नवीन?"

"यानं धूळ पक्की बसते. मंग कोणी हात फिरवला तरी निघत नाही."

"मंग इतके वर्षं काऊन नाही मारलं रे हे? दरसालचं भांडण तरी टळलं असतं!"

दादानं कुंचला स्वच्छ केला, त्यावर फुंकर मारली आणि पुढची गाडी घेतली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वार्निशची बाटली आधीपासून कपाटात होती, उपाय ठाऊक होता. आणि हा माणूस दरसाल ती धूळ मोकळी ठेवत आला होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडाशी धरून रडले. वहिनीसाठी रडले, आणि त्याहून जास्त दादासाठी.

त्यानंतर दादाचा आवाजच हरवला. फोनवर "हाव", "बरं", "ठेवतो", एवढंच. मुलगा पुण्याला बोलावतो, तर "पाहू". रागावणं नाही, तक्रार नाही. लोक म्हणत, किती शांत झाले हो. डोंबलाची शांती! त्यानं एकदा, फक्त एकदा, कुणावर तरी कडाडून ओरडावं, एवढंच मी देवाजवळ मागत होते. ज्याचा आवाज चढत नाही तो माणूस घरात असूनही हळूहळू निघून जात असतो, अशी भीती मला वाटायची.

यंदा दिवाळीला मी मलकापुरातच होते. त्याचा मुलगा आणि नवी सून मेघना पुण्याहून आले. मेघना दुसरबीडच्या शेतकऱ्याची लेक, कामाला वाघीण. आल्या दिवशीच पदर खोचून मागच्या खोलीत शिरली.

"किती धूळ बसलीय हो बाबा!" म्हणत तिनं एक जीप उचलली आणि ओल्या फडक्यानं पुसली. पुन्हा पुसली. मग जोर लावून घासली. "आत्या, ही निघंना की!"

"नाही निघत ते," दारातून दादा म्हणाला. "पक्की केली."

एवढं बोलून तो तिथेच उभा राहिला. मेघनाच्या हातातल्या फडक्याकडे पाहत राहिला. फडका कोराच्या कोरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते तेव्हा पाहिलं, टेबलावरचा नवा ट्रक, ज्याला अजून वार्निश लागलं नव्हतं, तो दादानं दोन्ही हातांनी उचलला आणि कपाटाच्या फळीवर अगदी पुढे, कडेला ठेवला. मग बाहेर ओसरीवर जाऊन पेपर उघडून बसला. पेपरचं पान काही उलटलं नाही. मी गॅस बंद केला आणि कपबशीही वाजू न देता उभी राहिले.

मेघना फडका घेऊन आली. वरची फळी, मधली फळी, मग तो ट्रक. एक हात फिरला.

"अवं, काय केलं हे!" ओसरीवरून आरोळी आली. "धूळ नाही ते, रंग आहे!"

पोरगी पांढरीफटक पडली. "चुकलं बाबा, सॉरी, मला वाटलं..." तिला काय ठाऊक, त्या 'अवं'मध्ये ती नव्हतीच. दादा दारात येऊन उभा होता. त्याचा ऊर धपापत होता, डोळे भरून आले होते. त्यानं तिच्या हातातला फडका घेतला, उलटा करून पाहिला. काळ्या मातीचा रुंद डाग त्यावर उमटला होता.

"असू दे, बेटा," तो म्हणाला. "पुस. बाकीच्या फळ्या पण पुस."

तुळशीच्या लग्नाआधीच मुलं पुण्याला परतली. मीही खामगावला आले. परवा फोनवर दादाला विचारलं, तो ट्रक पुन्हा रंगवला का रे? नाही म्हणाला. वार्निश मारलं? तेही नाही. अर्धं दार मळकं आणि अर्धं स्वच्छ, असा तो मागच्या खोलीत तिरप्या उन्हात उभा आहे, आणि स्वच्छ भागावर हायवेची खरी धूळ बसू लागली आहे. मग फोनमध्ये बराच वेळ फक्त दादाचा श्वास ऐकू येत राहिला. मी फोन ठेवला नाही. काळ वस्तूवर जे जे चढवतो ते सारं दादाला रंगवता येतं, गंज, ओघळ, माती, सगळं. पण कुणाच्या तरी हातानं पुसलेली जागा रंगवता येत नाही, त्यासाठी त्या माणसालाच यावं लागतं.