तीनदा वाजून गप्प

त्याला सगळे भोंगा म्हणत. गाड्यांना चोरीचे अलार्म बसवायचं काम तो अठ्ठावीस वर्षं करत होता. दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी त्याच्या गॅरेजातून सायरनची किंकाळी बाहेर पडे, तेव्हा शेजारच्या टायरवाल्याने वैतागून हे नाव ठेवलं आणि ते त्याला कायमचं चिकटलं. माणूस मात्र अगदी हळू बोलणारा. मोठ्याने बोलायचं काम आपण गाड्यांना दिलंय, असं तो म्हणे.

बोलण्यात त्याला रस येई तो एकाच वेळी, गिऱ्हाइकाला रिमोट हातात देताना. नव्या सुनेला घर दाखवावं तसा तो सगळं समजावून सांगे. "हे बटण दाबलं की एक पीप, दिवे एकदा लुकलुकणार. म्हणजे दारं बंद आणि गाडी पहाऱ्यावर बसली. हे दुसरं दाबलं की दोन पीप. पहारा उठला. पण दोनाऐवजी चार पीप आले, तर समजा, तुमच्या पाठीमागे काहीतरी झालंय. आधी गाडीभोवती एक चक्कर मारा, मगच दार उघडा. आणि एक लक्षात ठेवा, पहारा उठवून अर्ध्या मिनिटात दार उघडलं नाहीत, तर ती आपली आपण पुन्हा दारं लावून पहाऱ्यावर बसते. खिशात चुकून बटण दाबलं गेलं तर गाडी दिवसभर उघडी नको राहायला."

गिऱ्हाईक मान डोलवी आणि दोन दिवसांनी फोन करून हेच सगळं पुन्हा विचारी.

त्या दिवशी दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला तो एका बेकरीवाल्याच्या व्हॅनमध्ये डॅशबोर्डखाली उताणा पडला होता. तोंडात टेपचा तुकडा, एका हातात टेस्टर, दुसऱ्यात पाना. पोटावर ठेवलेला फोन थरथरला. ताईचा होता.

"धाकट्या, अण्णा तुझ्याकडे आलेत का रे?"

त्याने तोंडातला टेप थुंकला. "नाही. का?"

"सापडत नाहीयेत." ताईचा आवाज धावल्यासारखा येत होता. "मी बाजारामागच्या रस्त्यावर आहे. हे बसस्टॉपकडे गेलेत. तास झाला शोधतोय आम्ही. म्हटलं मागच्यासारखे चालत चालत तुझ्याकडे पोचले असतील."

अण्णा म्हणजे दोघांचे वडील. वय चौऱ्याऐंशी. पस्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. आई गेल्यावर ताईने त्यांना आपल्याकडे नेलं, कारण तिच्याकडे लिफ्ट होती आणि भोंग्याकडे तीन मजले जिने. अलीकडे अण्णा विसरायला लागले होते. घर, माणसं विसरत नसत. पण आत्ता आपण कुठे निघालो होतो, हे मध्येच त्यांच्या हातातून सुटे.

"पण हरवले कसे? नीट सांग मला."

"सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. साडेदहाला परत आलो. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. मला वाटलं, अण्णा ह्यांच्याबरोबर लिफ्टने वर गेले. ह्यांना वाटलं, ते माझ्याबरोबर सावकाश येतायत. वर आल्यावर ह्यांनी आपल्या खोलीत पेपर उघडला, मी स्वयंपाकाला लागले. अण्णांच्या खोलीचं दार लोटलेलं, म्हटलं पडले असतील. अकरा वाजता औषध द्यायला गेले तर गादीवर सुरकुतीसुद्धा नाही!"

"गेटवरचा माणूस काय म्हणतो?"

"तो म्हणतो, कुणी बाहेर गेलं नाही. पण तो स्वतःच चहाला गेला होता, त्याचं काय धरायचं?" रडू यायला लागलं की ताई नेहमी चिडे, तशी ती चिडली. "आणि त्यात तू अलार्म बसवलेली ती माझी गाडी! आम्ही इथे जिवाच्या आकांताने शोधतोय आणि ही खाली बोंबलतेय. पहिल्यांदा वाजली तेव्हा मी खिडकीतून बटण दाबलं. चार पीप वाजले. म्हटलं, चार काय चाळीस वाजव, मला वेळ नाही! तर जरा वेळाने पुन्हा सुरू. मग मी नादच सोडला. त्यानंतर तीनदा आपली आपण वाजली आणि गप्प झाली एकदाची."

भोंगा उठून बसला. उठताना कपाळ स्टिअरिंगवर आपटलं, त्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

"तीनदा? नक्की तीनदा?"

"हो रे बाबा. काय करायचंय तुला आत्ता?"

अलार्म त्याने स्वतःच्या हाताने बसवला होता. कुणी बॉनेट उघडलं तर सायरन वाजे. दार उघडलं गेलं तर वाजे, आणि दार उघडं असेपर्यंत थांबायचं नाव घेत नसे. पण तीनदा वाजून गप्प बसण्याची खोड त्यातल्या एकाच भागाला होती. काचेजवळ दोन्ही बाजूंना बसवलेले ते दोन डोळे, जे बंद गाडीच्या आत काही हललं तरच सायरन वाजवतात. ते लागोपाठ तीनदा ओरडले की यंत्र समजतं, हे बिघडलेत. आणि मग त्यांचं ऐकायचं सोडून देतं.

"ताई, गाडीत बघितलंस का?"

"गाडीत? गाडीत कशाला असतील? गाडी तर मी..." आणि ती थांबली. मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "लिफ्टमधून मीच बटण दाबलं रे. मागे वळूनही न बघता."

"किल्ली कुठे आहे?"

"घरी. दारामागच्या खिळ्याला."

"रिक्षा कर, घरी जा, किल्ली घे आणि खाली ये. मी निघालो."

बेकरीवाला काही विचारायच्या आत त्याने स्कूटरला किक मारली. पाना हातातच राहिला होता, तो त्याने खिशात कोंबला.

एरवी दहा मिनिटांचा रस्ता. त्या दहा मिनिटांत त्याच्या डोक्यात काय काय येऊन गेलं, त्याला धरबंध नव्हता. गाडी इमारतीखाली सावलीत असते, हे बरं. पण काचा पूर्ण बंद, आणि मागच्या काचांना ताईच्या नातीसाठी लावलेले काळे पडदे. मागची दारं आतून उघडत नाहीत, नातीसाठीच तो खटका त्याने लावून दिला होता. पावणेदोन तास. आणि ती शांतता! यंत्राने डोळ्यांचं ऐकणं सोडलं म्हणून गाडी गप्प आहे, की आत हलायलाच कुणी उरलं नाही म्हणून? हा प्रश्न त्याने प्रत्येक सिग्नलला झटकला आणि प्रत्येक सिग्नलला तो पुन्हा येऊन मागे बसला.

शिवाय दुसरी एक गोष्ट टोचत होती. हे डोळे काढून टाक म्हणून ताई पाच आठवडे त्याच्या मागे लागली होती. एकदा गाडीत माशी राहिली आणि सायरनने भर दुपारी सगळी इमारत खिडकीत आणली होती. "येत्या रविवारी काढतो," असं तो प्रत्येक रविवारी म्हणत आला होता. आळस, दुसरं काय. काढले असते तर आज गाडीतून चकार शब्द निघाला नसता.

त्याने स्कूटर इमारतीखाली नेऊन तशीच आडवी टाकली. ताईची गाडी कोपऱ्यात उभी होती, शहाण्या मुलासारखी. डॅशबोर्डवरचा लाल ठिपका शांतपणे लुकलुकत होता. त्याने पुढच्या काचेला कपाळ लावून आत पाहिलं.

अण्णा मागच्या सीटवर होते. डोकं मागे टेकलेलं, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. काठी दोन गुडघ्यांमध्ये.

"अण्णा!"

काही नाही. कानातलं यंत्र त्यांनी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलेलं होतं. त्याची पांढरी वायर बाहेर लोंबत होती. त्याने काचेवर हात आपटले. काही नाही. त्याने खिशातला पाना काढला आणि पुढची काच फोडायला हात उगारला. मग वाटलं, तुकडे उडून त्यांच्या तोंडावर गेले तर? क्षणभर हात तसाच वर राहिला. हात खाली आला तो टपावर. त्याने सगळा जीव एकवटून टपावर मुठीने दणके घातले, धाड, धाड, धाड, पत्र्याला पोचा येईल असे.

कान बंद असले तरी हादरा सीटमधून पोचला असावा. अण्णांची भिवई हलली. मग त्यांनी डोळे न उघडताच कपाळाला आठी घातली, झोपमोड झाल्यावर घालत तशी, रागीट, जिवंत आठी.

भोंगा बॉनेटला धरून खाली बसला, दोन लांब श्वास घेतले, आणि पुन्हा उभा राहिला.

आता दार उघडायचं होतं. ताई कधी पोचेल सांगता येत नव्हतं, आणि अण्णांच्या कपाळावरचा घाम त्याला दिसत होता. अण्णांनी मागचं हँडल ओढून पाहिलं, उघडेना, तेव्हा त्यांनी मुलाकडे असं पाहिलं जणू दार त्यानेच धरून ठेवलंय. भोंगा पुढे गेला. ड्रायव्हरच्या दाराची आतली कडी त्याने काचेबाहेरून बोटाने दाखवली. मग काठीकडे बोट केलं. मग हवेत काठीची मूठ अडकवून ओढल्यासारखं करून दाखवलं. डॉक्टरने टाकलेल्या थेंबांमुळे अण्णांना धड दिसत नव्हतं. ते डोळे बारीक करून पाहत राहिले. त्याने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी काठी उलटी धरली, दोन सीटच्या मधून पुढे सारली आणि वाकडी मूठ चाचपडत कडीत घातली. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा अडकली, आणि त्यांनी ओढली.

दार खट्कन उघडलं, आणि पहारा न उठवता दार उघडल्यावर व्हायचं तेच झालं. सायरनने असा काही टाहो फोडला की वरच्या कबुतरांचा थवा उडाला. भोंग्याने आत हात घालून मागच्या दाराचं लॉक उठवलं, दार बाहेरून उघडलं, अण्णांना दोन्ही काखांत धरून बाहेर घेतलं आणि छातीशी धरलं. सदरा ओला होता. पण अंग गरम होतं, श्वास सरळ होता, आणि हातात काठी घट्ट होती.

"कुणाची गाडी रे ही?" अण्णा त्याच्या कानाजवळ ओरडले. "सकाळपासून बोंबलतेय! कानातलं यंत्र काढून ठेवायला लागलं मला!"

भोंगा हसायला लागला. हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि सायरन चालूच. तो त्याला बंद करता येईना. बॉनेट उघडून वायर उपटली असती, पण उपटल्यावरही वाजत राहणारा सायरन त्याने सख्ख्या बहिणीसाठी मुद्दाम निवडून बसवला होता.

इतक्यात लिफ्टचं दार उघडलं. ताई हातात किल्ली घेऊन, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून आली आणि अण्णांना उभं पाहून तिथेच थबकली.

"बटण दाब!" भोंगा ओरडला.

तिने दाबलं. चार पीप. मग अशी शांतता झाली की आपापल्या खिडकीत आलेल्या बायकाही कुजबुजायच्या थांबल्या.

ताईने अण्णांचे हात हातात घेतले, कपाळ पुसलं, पुन्हा हात घेतले. "अण्णा, गाडीत काय करत होतात हो?"

अण्णांनी कानातलं यंत्र लावलं, तिला प्रश्न पुन्हा विचारायला लावला, आणि मग समजूतदारपणे म्हणाले, "चष्म्याचं घर राहिलं होतं म्हणून परत आत बसलो. दार लावून घेतलं. डॉक्टर म्हणाला होता, थेंब टाकलेत, डोळे मिटून बसा. बसलो. तू औषध आणायला गेलीयस असं वाटलं."

"दोन तास?"

"एवढी रांग असते औषधाच्या दुकानात. मला काय ठाऊक?"

वर नेऊन त्यांना पाणी पाजलं. घोटाघोटाने पाजलं, तरी तीन ग्लास प्यायले. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी येऊन नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आणि "तुमच्यापेक्षा ह्यांचाच बरा आहे," असं ताईकडे बघून म्हणाल्या. तोवर भावोजी बसस्टॉपवरून धापा टाकत परतले. दारातच अण्णांना खुर्चीवर पंख्याखाली बसलेलं पाहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

ताई मात्र सावरली नव्हती. ती ओट्याशी उभी राहून उगाच एकच पातेलं घासत होती. भोंगा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"बटण दाबताना मागे बघितलं नाही मी," ती म्हणाली.

"आणि मी पाच रविवार आळस केला. तुझं ऐकून ते डोळे काढले असते तर?"

तिने पातेलं खाली ठेवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण तिने खांद्याने त्याला हलकेच ढकललं, लहानपणी भांडण मिटलं की ढकलत असे तसं.

"म्हणजे तुझ्या आळसाचे आभार मानू म्हणतोस?"

"मान की. पहिल्यांदाच कुणीतरी मानेल."

मग सगळे जेवायला बसले. जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. बेकरीवाल्याचा फोन आला. व्हॅनचा डॅशबोर्ड उघडा पडलाय, गाडी सुरूसुद्धा होत नाही, असं तो काकुळतीने सांगत होता. भोंग्याने त्याला वडिलांची हकीकत थोडक्यात सांगितली, तेव्हा पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "मग संध्याकाळी या," तो म्हणाला, "घाई नाही. पोहोचवायचा माल मी मेव्हण्याच्या गाडीने नेतो."

अण्णांनी दोनदा वाढून घेतलं. ताईने पोळी मोडून ताटात तशीच ठेवली होती. ती त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघत होती. शेवटी अण्णांनीच हात थांबवला.

"जेव की," ते म्हणाले. "गार होतंय तुझं."

आणि ताईने पहिला घास घेतला.