अठ्ठ्याहत्तरावा खण

मी पडघ्याच्या एका गोदामातली जुनी टेप लायब्ररी आहे. मित्रांनो, नावावरून तुम्हाला पुस्तकं आठवतील, पण माझ्याजवळ पुस्तकं नाहीत. माणसाहून उंच, काचेच्या दाराचं लोखंडी कपाट, आत शंभर खण, प्रत्येकात तळहाताएवढी टेप, त्या उचलणारा एक यांत्रिक हात आणि वाचणारे दोन ड्राइव्ह, एवढाच माझा संसार. पुढचं मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. मला शब्द थोडेच येतात.

ते शब्द माझ्या दारावरच्या पडद्यावर उमटत : 'रेडी', 'फुल', 'एम्प्टी', 'ऑफलाइन'. नवी होते तेव्हा पाहुणे ते कौतुकानं वाचत. दवाखान्यांची जुनी कागदपत्रं आणि तपासण्यांची चित्रं माझ्या टेपांवर असत.

वीज जाऊन आली की मी सगळे खण नव्यानं तपासत असे. त्यात चाळीस मिनिटं जात. २००६ साली लोडशेडिंग दिवसातून दोनतीनदा होई. कंटाळून, मला सांभाळणाऱ्या चांगदेवनं ती तपासणीच बंद केली. तेव्हापासून मी शेवटचं पाहिलेलंच सांगत राहिले. डोळे मिटलेलं माणूस समोरच्या खोलीचं वर्णन करतं, तसं.

एका दुपारी भातगिरणीवाला भूपेश दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आला. त्याच्या मुलीच्या, मृणालीच्या काळजावर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. पहिल्या ऑपरेशनची चित्रं पाहिल्याशिवाय डॉक्टर सुरी धरायला तयार नव्हते. ती चित्रं अठ्ठ्याहत्तराव्या खणातल्या टेपवर होती.

माझा हात त्या खणात गेला आणि पोकळीवर मिटला. पुन्हा गेला, पुन्हा मिटला. पडद्यावर मात्र 'फुल', म्हणजे खण भरलेला, असंच होतं. चांगदेवनं कॉम्प्युटरवर पाहिलं, तिथंही 'फुल'. दोन्ही एकच सांगतात म्हणून त्याला ते खरं वाटलं. पण कॉम्प्युटरला सांगणारी मीच होते.

"टेप आहे काका. इथं लिहिलंय बघा."

"लिव्हलंय! रेशनच्या दुकानावर पन 'माल हाय' लिव्हलेला असतो," भूपेश म्हणाला. "माजी गिरन अडकली तर मी आत वाकून बगतो. तू काचंला काय पुजतोस?"

चांगदेवनं काचेतून आत वाकून पाहिलं. माझ्या पोटात काहीतरी अडकलं होतं. मला ते जाणवत होतं, पण विचारल्याशिवाय बोलायची मला सोय नाही.

"दुसरा ड्राइव्ह," तो हळूच म्हणाला. "एका टेपची नक्कल चालू असताना वीज गेली, तो अडकला. मीच त्याला 'ऑफलाइन' केलं. नंतर बघू म्हटलं."

"म्हंजे त्यात काय न्हाय?"

"तसं नाही काका. 'ऑफलाइन' म्हणजे रिकामा नाही. त्याला विचारणं मी बंद केलं, एवढंच."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तीनला वीज जाणार होती. त्यानं ड्राइव्ह ऑनलाइन केला आणि संपूर्ण तपासणी सुरू केली. माझा हात एकेका खणापुढे थांबत सरकू लागला. भूपेश काचेला कपाळ टेकून उभा होता. "चल गं बाय," तो मला म्हणाला. मला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

दहा मिनिटं उरली असताना टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये सापडली. वीज जायच्या आत चित्रं एका सीडीवर उतरली. भूपेश ती सदऱ्याच्या आत धरून धावत सुटला. पुढं ऑपरेशन नीट पार पडल्याचं चांगदेव फोनवर कोणाला तरी सांगत होता.

पण त्या दुपारी तो लगेच उठला नाही. वीज जायच्या आधी माझ्या पडद्यावर आणखी अकरा खण 'एम्प्टी' उमटले होते. तपासणी होईपर्यंत ते 'फुल' होते. त्यांच्या टेपा कुठल्याच ड्राइव्हमध्ये नव्हत्या. त्या कधी गेल्या, कोणी नेल्या, मला ठाऊक नाही. मी पाहतच नव्हते.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राचा शब्द शेवटचा मानू नका. वेळ मोडला तरी चालेल, आम्हाला पुन्हा पाहायला लावा. त्या अकरा टेपांवर ज्यांची चित्रं होती, त्यांची नावं यादीत आहेत. त्यांना अजून कोणी कळवलेलं नाही, कारण त्यांना अजून गरज पडलेली नाही.