काचगडचा तिसरा भाग

मी एक जुनी कादंबरी आहे. 'काचगड, भाग तिसरा' हे माझं नाव. पाठीवरची सोनेरी अक्षरं उडाली आहेत म्हणून मला कोणी हलकं समजू नये. मी शाळेत एकही दिवस गेलेली नाही. पोटात अक्षरं आहेत, ती दुसऱ्यानं भरलेली. पण कोण वाचणारा आणि कोण नुसता पानं चाळणारा, हे मला बोट लागताच कळतं.

मित्रांनो, माझा जन्म १९२३ सालचा. मोडनिंबच्या एका पोस्टमास्तरांनी टपालाच्या दोन थैल्यांमधल्या मोकळ्या वेळात काचेच्या गडाची ही अद्भुत कथा लिहिली. सात भाग झाले. आम्ही सातही भावंडं सोलापूरच्या एका वाचनालयात आलो आणि कपाटात ओळीनं उभी राहिलो. इथंच सगळं बिनसलं.

कारण जो येई, तो पहिला भाग मागे. बरोबरच आहे म्हणा. पण आमचे थोरले बंधू म्हणजे एकशेबारा पानं राजाच्या पूर्वजांची! पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे घोडे, त्या घोड्यांची नावं. लोक त्यांना तिसऱ्या दिवशी परत आणून देत आणि पुढचा भाग विचारतही नसत. थोरल्यांपायी आम्ही सहाजण आठ वर्षं उपाशी. माझ्या शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला होता, तो कोरा. दुसरा भाग मुकाट्यानं सोसायचा. मी मात्र धुसफुसत होते.

अखेर वाचनालयाच्या मंडळानं ठरवलं, दसऱ्यापर्यंत ज्या पुस्तकांना वाचक मिळणार नाही ती रद्दीत घालायची. रद्दी कुठं जाते, ठाऊक आहे? शेंगाचटणीच्या दुकानात. माझ्या पोटातल्या राजकन्येच्या अंगाला तेल आणि लसूण लागणार, या विचारानं माझा दोरा सैल झाला.

ग्रंथपाल कमलाकरपंतांचा आमच्यावर जीव. "नवे कपडे घालून तरी बघू," म्हणत त्यांनी आम्हा सातांना गुरम्माकडे पुस्तकबांधणीला पाठवलं.

गुरम्मा मूळची मैंदर्गीची. नवऱ्यामागं बांधणीचं दुकान तिनंच चालवलं. शिक्षण कानडी दुसरी. मराठी अक्षरं पुठ्ठ्यावर चिठ्ठ्या डकवता डकवता ओळखीची झालेली. हातात दाभण, शेजारी खळीचं भांडं, आणि जिभेला दाभणाहून जास्त धार. नात महानंदा मुलींच्या शाळेत जायची. दुपारी गुरम्मा शिवायला बसली की तिनं मोठ्यानं वाचायचं, असा शिरस्ता.

महानंदानं थोरल्यांना उघडलं. नवव्या पानावर गुरम्माला जांभई आली.

"अगं, ह्यो राजा जल्माला कवा येनार? त्येचा पणजा अजून बाशिंग बांधतोय की!"

"अज्जी, अजून शंभर पानं हायती."

"ऱ्हाऊ दे. दुसरं काड."

दुसऱ्या भागात राजा शिकारीला निघायची तयारी करतो. शेवटच्या पानापर्यंत तयारीच करतो. तोही बाजूला पडला. मग मी. महानंदानं माझी पहिली ओळ वाचली: "विहिरीच्या तळाशी एक दार होते, आणि आतून कोणीतरी कडी वाजवत होते."

दाभण थांबलं.

"म्होरं?" गुरम्मा म्हणाली.

त्या दुपारी खळ भांड्यात वाळून खडक झाली. तीन दिवसांत मी वाचून संपले. चौथ्या दिवशी गुरम्मानं काय मागितलं असेल, मित्रांनो? थोरल्यांना!

"ती हीर कुनाच्या आज्यानं खांदली ते कळाय पायजे मला."

आणि घोड्यांच्या नावांसकट सगळी वंशावळ तिनं डोळा न मिटता ऐकली. माझे थोरले बंधू वाईट नव्हते हो. अवेळी पुढं येत होते, एवढंच.

मग गुरम्मानं 'भाग पहिला' ही चिठ्ठी उचलली आणि ठासून माझ्या पाठीवर डकवली.

पुस्तकं न्यायला कमलाकरपंत आले. त्यांनी मला उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"गुरम्मा, चिठ्ठी चुकली तुमची."

"माजी? बत्तीस वर्सांत माजी चिठ्ठी चुकली न्हाय. चुकलं तुमच्या पोस्टमास्तराचं."

"अहो, आकडा तो आकडा! मंडळ मला घरी बसवेल."

"पंत, पावना दारात आला तर आदी पानी देता का पनजोबाची नावं सांगता?"

पंतांना हसूच आलं. "खोटा आकडा मात्र मी लावणार नाही," ते म्हणाले. गुरम्मानं नाक उडवलं, पण चिठ्ठी ओली करून काढली. महानंदानं लाल शाईत दोन नवे कागद लिहिले. माझ्यावर डकवला, 'आधी हे वाचा.' थोरल्यांवर, 'तिसरा वाचला असेल तरच उघडा.'

दसऱ्याला अकरा दिवस उरले होते. दहा दिवस कोणी फिरकलं नाही. कपाटात मी चटणीचा वास येतोय का ते हुंगत होते. अकराव्या दिवशी, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, मुलींच्या शाळेतल्या पद्मजाबाई आल्या, लाल शाई वाचून थबकल्या आणि मला घेऊन गेल्या. दसऱ्याच्या सकाळी, मंडळी रद्दीचा ढीग लावत असताना, त्या धापा टाकत दारात हजर.

"पंत, पहिला आहे ना हो जाग्यावर? आणि चौथा? कुणी नेला तर नाही?"

"आहे की! सगळे आहेत!" पंत ओरडलेच. त्यांनी ढिगातून सहाही भाग उचलून छातीशी धरले. मी पद्मजाबाईंच्या हातात होते, तिथूनच बघितलं. माझा दोरा एकदाचा निवांत झाला.

आज माझा तारखांचा कागद चौथ्यांदा बदलला आहे. एक्केचाळिसाव्या पानावर हळदीचं बोट आहे. मित्रांनो, पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवा, पानाचा कोपरा मुडपू नका. आणि कुणाला पुस्तक सुचवाल तेव्हा आकडा बघून सुचवू नका, समोरचा माणूस बघून सुचवा. एखादं कोऱ्या तारखांचं पुस्तक दिसलं, तर मधूनच उघडून कान लावा. आतून कडी वाजवणारं आमच्यापैकीच कुणीतरी असतं.