मातीची शेवई

"लाट जालिंदर, लाट. थांबलास कशाला?" साहेब छत्रीखाली खुर्चीत बसून म्हणाले.

जालिंदर उन्हात उकिडवा बसला होता. समोर काचेची पाटी, तळहाताखाली रस्त्यातून खणून काढलेल्या काळ्या मातीची शेवई, आणि भोवती बुद्धनगरातली झाडून सगळी बायामाणसं. तो याच वस्तीतला. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं रोजंदारीवर; साहेब तिथलेच. गेल्या पावसाळ्यात त्याच्या आईला, जाईबाईला, बाजेवर घालून नेताना माणसं इथंच मांडीपर्यंत रुतली आणि सिरसाळ्याचा दवाखाना गाठायच्या आत म्हातारी गेली. तेव्हा कुठे, अर्जांवर अर्ज करून, हा रस्ता मंजूर झाला. काळ्या रानात नुसता मुरूम टाकला तर पहिल्याच पावसाळ्यात जमीन तो गिळून बसते. आधी मातीत चुना मुरवावा लागतो. तो चुना पडला की ठेकेदार बद्रीनाथने खाल्ला, एवढाच प्रश्न होता. आणि चुना ओळखायच्या औषधाची बाटली साहेब नेमकी विसरून आले होते!

म्हणून ही शेवई. जालिंदरनेच आदल्या दिवशी वस्तीला समजावलं होतं, "चुना आसला तर शेवई व्हत न्हाई, तुटती. नुस्ती माती आसली की लांबतच जाती."

ती लांबत होती. आधी बोटाएवढी, मग सुतळीएवढी. जालिंदरला आनंद आवरेना. चोर भर दिवसा सापडला होता.

"बगा सायेब, तुटंना. चुना न्हाईच हिच्यात."

"घाई कशाला? गोळा कर. पुन्हा लाट."

त्याने गोळा केला, लाटला. पुन्हा केला, पुन्हा लाटला. पाचव्या खेपेला माती हाताला कोरडी लागली. हाताच्या उबेने पाणी उडून जातं. लाटतच राहिलं तर बिनचुन्याची मातीसुद्धा शेवटी तुटते. हे त्याला ठाऊक होतं, आणि साहेबांना तर पुस्तकासकट पाठ होतं.

"सायेब, आता सुकून तुटंल ती. ते काय खरं न्हाई."

"मला शिकवतोस? उद्या कामावर यायचंय ना? लाट."

हात थांबले नाहीत. थांबवायला हवे होते, हे तो पुढे जन्मभर स्वतःला सांगणार होता. आठव्या खेपेला शेवईला भेगा गेल्या आणि तिचे तुकडे पडले.

"तुटली!" केसरबाई ओरडली. ही त्याची शेजारीण. जाईबाईच्या बाजेला तिनेही खांदा दिला होता. टाळ्या पडल्या. बद्रीनाथने पेढ्यांचा पुडा फोडला. "तुमच्याच माणसानं तपासली बरं का," असं म्हणत साहेबांनी चुना असल्याच्या कागदावर जालिंदरची सही घेतली.

"न्हाई मावशी, ती सुकून..."

"आरं, तूच सांगितलंतं की काल, तुटली मंजी चुना!" कुणीतरी हसत हसत त्याच्या तोंडात पेढा कोंबला.

केसरबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "तू व्हतास मनून बरं, बाबा. न्हाईतर आमा अडाण्यांला कुणीबी फशिवलं आसतं."

पेढा तोंडात तसाच होता. जालिंदरने मान डोलावली.