सेकंदाला साठ

दातांच्या डॉक्टरांनी कात्रीला सांगितलं होतं, की तुम्ही झोपेत दात खाता. झोपेतच कशाला, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती दिवसाढवळ्या, ऑफिसात बसून, सख्ख्या भावाच्या तोंडावर दात खात होती. दाढ हलायला लागली तेव्हा त्याचंही खापर तिने दादावरच फोडलं.

कात्री हे नाव तिला ऑफिसने दिलं होतं. ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत दादा चित्रं काढायचा आणि मागच्या खोलीत बसून ही ती कापायची. दोघं मिळून एक खेळ बनवत होते. मोठ्या कॉम्प्युटरवर तो लोण्यासारखा चालायचा. पण तो विकायचा होता हातात धरून खेळायच्या यंत्रावर, आणि त्या तळहाताएवढ्या डबीत मोठ्या कॉम्प्युटरचं बळ कुठून येणार? म्हणून काय ठेवायचं आणि काय काढायचं हे कात्रीने ठरवायचं, असं काम वाटून घेतलेलं होतं. वाटून घेतानाच भांडायला हवं होतं, असं तिला आता वाटे.

खेळ साधा होता. एक नावाडीण लोकांना तळ्यापलीकडे पोचवते. गंमत पाण्यात होती. नावेतला माणूस हसत असला तरी पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब रडत असायचं. तो गप्प बसला की प्रतिबिंब बडबडायचं. खेळणाऱ्याने पाण्याकडे बघून ओळखायचं, की हा माणूस खरं बोलतो आहे की थापा मारतो आहे. हे तळं दादाला कधीतरी आंघोळ करताना सुचलं होतं आणि तेव्हापासून तो दुसरं काही बोलत नव्हता. वहिनी म्हणायची, की आमच्या घरात तळं राहतं, आम्ही भाडेकरू आहोत.

पण प्रतिबिंब म्हणजे यंत्राला सगळं दोनदा काढणं आलं, एकदा वरचं आणि एकदा पाण्यातलं. पडद्यावरची हालचाल म्हणजे एकामागून एक झरझर काढलेली चित्रं. सेकंदाला साठ काढायची तर एकेका चित्राला जेमतेम वेळ मिळतो. एक जरी रेंगाळलं तरी नाव अडखळते, आणि डोळ्याला ते लगेच कळतं. सेकंदाला तीस काढली तर प्रत्येक चित्राला दुप्पट वेळ मिळतो. हालचाल जराशी कमी गुळगुळीत दिसते, पण संथ चालणाऱ्या नावेला तेवढं सहज खपून जातं. हे कात्रीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग साठ आले कुठून? तर हिच्या तोंडून. खेळ बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या बाई बघायला आल्या होत्या. त्यांच्याबरोबर त्यांचा एक प्रोग्रामर होता. बाईंनी एवढंच विचारलं, की हातातल्या यंत्रावर नीट चालेल ना? तो प्रोग्रामर गालातल्या गालात हसला. त्या हसण्याने कात्रीचं डोकं फिरलं आणि ती म्हणाली, नीट म्हणजे काय, सेकंदाला साठ देईन. बाईंनी मान हलवली आणि कॉफी संपवली. दादा तेव्हा फोनवर बोलायला जिन्यात गेला होता. परत आल्यावर त्याने काय ठरलं म्हणून विचारलं, तर ही म्हणाली, त्यांना साठ पाहिजेत. तेव्हा ते खोटं आहे असंही तिला वाटलं नाही. लांबण कशाला लावा, म्हणून तिने थोडक्यात सांगितलं होतं, एवढंच.

आणि मग कात्री चालायला लागली. आधी काठावरचं गवत गेलं. ते दादाने एकेक पुंजका करत हाताने लावलं होतं, वारा कुठून येतो आणि पावलं कुठे पडतात हे बघत. त्या जागी हिने एक सपाट हिरवा पट्टा आणला. मग काजवे गेले. मग झाडांच्या सावल्या गेल्या, आणि लांबच्या टेकड्यांवरचं धुकंही. दर वेळी दादा मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, हेही? दर वेळी ती मान वर न करता म्हणायची, बाईंना साठ पाहिजेत. बाईंचं नाव काढलं की तो निमूट परत जायचा. पैसा त्यांचा होता आणि दादा शब्दाला जागणारा माणूस होता. त्याच्या या शहाण्यासारख्या वागण्याचाही तिला राग यायचा.

तिचं म्हणणं, हे सगळं मी तळ्यासाठीच करते आहे. आणि ते खोटं नव्हतं. बाकी सगळं कापून तिने तळ्यापुरता वेळ वाचवला होता. शेवटी एके दिवशी, सेकंदाला किती चित्रं निघतात ते दाखवणाऱ्या आलेखाची रेघ साठावर सरळ झाली, खेळाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत. कात्रीने ती रेघ दादाला दाखवली. त्याने ती नीट पाहिली, बरं म्हणाला आणि यंत्र घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो कसा, "तळ्यावर अडखळतंय."

कात्रीने यंत्र आपल्या टेबलावरच्या स्टँडवर लावलं, केबल जोडली, छोटा पंखा सुरू केला आणि तळं चालवलं. रेघ सरळ. तिने बोट ठेवून दाखवलं. दादा म्हणाला, इथे अडखळत नाही, घरी अडखळतं. ती म्हणाली, यंत्र तेच, खेळ तोच, तुझ्या घरी काय जादू होते? पण दर एक-दोन दिवसांनी तो तेच सांगत राहिला, आणि ती दर वेळी स्टँडवर लावून तीच सरळ रेघ त्याच्या नाकासमोर धरत राहिली. गाण्यांचं काम करणारा पोरगेला संगीतवाला अशा वेळी कानांवर हेडफोन चढवून भिंतीकडे तोंड करून बसायचा.

हळूहळू तिच्या मनात भरलं, की दादा मुद्दाम करतो आहे. गवत काढल्याचा राग त्याला धड बोलता येत नाही, म्हणून तो माझं काम कसं फुकट गेलं हे सिद्ध करायला निघाला आहे. एका दुपारी ती हे बोलूनही गेली.

"मला तुझे आकडे कळत नाहीत," तो म्हणाला. "पण मला दिसतं ते दिसतं. बाईंना साठ पाहिजेत आणि तळं त्याच्या आड येतंय, तर तळं काढ. अडखळणारं पाणी मला नको."

तळं काढ! ज्याच्यासाठी तिने स्वतःच्या हाताने सगळं रान तासून ठेवलं, तेच काढ म्हणे. कात्रीला इतका संताप आला, की डोळ्यांत पाणी आलं आणि मग त्या पाण्याचाही संताप आला. ती म्हणाली, मी नाही काढणार, तूच काढ. तो म्हणाला, काढतो. खेळ कंपनीकडे पाठवायचा दिवस तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढेसाठी तिची डॉक्टरांकडे वेळ होती. म्हणून त्या संध्याकाळी ऑफिसातून निघतानाच तिने स्टँडवरून यंत्र उचललं आणि पर्समध्ये टाकलं. बेत असा, की दवाखान्यातून थेट ऑफिसात जायचं आणि दादाच्या समोर, त्याच्या खुर्चीत बसून, हातात धरून तळं पार करून दाखवायचं.

दवाखान्यात गर्दी होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, जुनी मासिकं, आतून येणारा ड्रिलचा आवाज. समोर एक आजोबा रुमालात गाल धरून बसले होते. वेळ काढायला म्हणून कात्रीने यंत्र बाहेर काढलं आणि पहिल्यापासून खेळायला लागली. पहिला प्रवासी गेला, दुसरा गेला. कितीतरी महिन्यांनी ती खेळ नुसता खेळत होती, आणि मनात नसतानाही तिला तो आवडला. चौथा प्रवासी चढला आणि नाव तळ्याच्या मधोमध येऊन अडखळली.

कात्रीने डोळे बारीक केले. नाव पुन्हा अडखळली. प्रतिबिंबातला माणूस तोंड उघडता उघडता गोठला आणि मग एकदम पुढे सरकला. तिने मागे जाऊन तेच पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. आणि मग तिच्या लक्षात आलं, की तळहात घामेजले आहेत. यंत्राची पाठ चांगली तापली होती, चहाच्या कपासारखी.

तिने ते समोरच्या टीपॉयवर उभं केलं, एका मासिकाने वारा घालत राहिली आणि जरा वेळाने तळं चालवलं. नाव सरळ गेली. पुन्हा दोन्ही हातांत घट्ट धरून बसली. थोड्या वेळात नाव अडखळायला लागली. आजोबा गाल धरून तिच्याकडे बघत होते. त्यांना काय वाटलं कोण जाणे.

यंत्र तापलं की ते जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतं, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. कात्रीला ते माहीत होतं म्हणूनच तर तिने तो पंखा आणला होता. उन्हाळ्यात दुपारी आकडे खाली-वर व्हायचे, मोजमापाला शिस्त राहायची नाही, म्हणून तिने यंत्र स्टँडवर चढवलं, शेजारी पंखा ठेवला, आणि आकडे कसे सुतासारखे सरळ आले. त्यानंतर त्या खोलीत कोणीही ते यंत्र हातात धरलं नाही. हातात धरून खेळायचं यंत्र! धरत होता तो फक्त दादा, घरी, पलंगावर लोळून, पांघरुणात. जसं ते कोणीही धरेल. आणि तो एकटा खरं सांगत असताना तिने त्याला खोटारडा ठरवलं होतं.

डॉक्टरांनी सुई देऊन दाढ काढली. डावा गाल लाकडासारखा बधिर झाला, बोलताना शब्द एका बाजूने सांडायला लागले. रस्त्याने चालताना तिने मनातल्या मनात हिशेब करून पाहिला. हातात तापलेल्या यंत्रावर साठ पाहिजेत तर आता एकच गोष्ट कापायची उरली होती. दादा आत्ता तीच कापत बसला असणार. ती जिन्याने जवळजवळ पळतच वर गेली.

दादाच्या पडद्यावर तळं होतं, पण त्यात काहीच नव्हतं. नुसता करडा पत्रा. नावेतला माणूस हसत होता आणि खाली कोणी रडत नव्हतं.

"थांब," कात्री म्हणाली. "अडखळतंय. मी पाहिलं. हातात तापतं म्हणून."

तिच्या तोंडाकडे बघून दादा आधी घाबरलाच. मग तिने पंखा, स्टँड, दवाखाना, सगळं जमेल तसं सांगितलं. तू बरोबर होतास, हे वाक्य तिला दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा ते गालातच अडकलं. दादा खूश झालेला दिसला नाही. त्याने एवढंच विचारलं, की मग माझं काय चुकतंय, तळं काढायलाच हवं ना?

"नको. तीसवर आणू. तीसवर यंत्र तापलं तरी तळं वेळेत बसतं."

"आणि बाई? त्यांना साठ पाहिजेत ना?"

कात्रीने ओठ पुसला. बधिर गालाचा बहाणा करून गप्प बसता आलं असतं, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

"त्यांनी नव्हते मागितले," ती म्हणाली. "मीच बोलून बसले."

संगीतवाल्याने हेडफोन चढवायला हात उचलला आणि तसाच ठेवला.

"म्हणजे गवत बसलं असतं?" दादाने विचारलं.

"हो."

"काजवे?"

"हो."

"सावल्या?"

तिने नुसती मान हलवली. धुक्याचं त्याने विचारलं नाही. त्याने पडद्याकडे वळून एक बटण दाबलं, आणि तळ्यात पुन्हा तो माणूस रडायला लागला. सकाळचंच काम होतं, ते उलटवता आलं. गवत मात्र तिने मुळापासून पुसलं होतं, ते परत लावायचं तर पुंजका पुंजका लावायला लागणार होतं, आणि तेवढे दिवस आता हातात उरले नव्हते.

"बाईंना फोन कर," तो म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर."

"मला नीट बोलता येत नाहीये."

"तसंच बोल."

तिने फोन लावून टेबलावर मधोमध ठेवला. जड जिभेने, एकेक शब्द चावत तिने सांगितलं, की आम्ही तुम्हाला साठ कबूल केले होते, ते जमणार नाही, तीस देऊ, आणि त्याबद्दल मी माफी मागते.

"साठ?" पलीकडून बाई म्हणाल्या. "असं काही ठरलं होतं का आपलं? माझ्या तर लक्षातही नाही हो. ते तळं तेवढं असू द्या म्हणजे झालं. आणि बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

दाढ काढली आहे, असं कात्रीने सांगितलं. काळजी घ्या म्हणून बाईंनी फोन ठेवला.

दादाने आता ओरडावं, निदान एकदा, असं तिला अगदी मनापासून वाटलं. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहून वाट बघत होती. पण त्याने खुर्ची पुढे ओढली, खेळ पहिल्यापासून सुरू केला, आणि उघड्याबोडक्या काठावरून पहिला प्रवासी नावेत चढवला.